धोका टळल्याचा निरोप

तिला सगळे ब्रेकताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई आणि पाठीमागे ब्रेकताई. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर शिकवणाऱ्याचा पाय तयार असावा, म्हणून. ताईचा पाय त्या ब्रेकवर इतका तयार असे, की माणसाच्या मनात चूक यायच्या आत ताईचा पाय पोचलेला असतो असं तिचे जुने विद्यार्थी सांगत. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नाही. सव्वीस वर्षांत गाडीवर एकच ओरखडा उठला होता आणि तोसुद्धा उभ्या गाडीला दुसऱ्याने मारलेला. ही गोष्ट ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवी.

त्या मंगळवारी सकाळी स्टिअरिंगवर शिवणबाई होती. शिवणबाई म्हणजे बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई. वय बावन्न. तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः पोचवायचे म्हणून तिने या वयात गाडी शिकायला घेतली होती. हात शिवणाऱ्या माणसाचे, त्यामुळे स्टिअरिंग सुरेख फिरवायची. पण चौक आला की जीव मुठीत धरायची.

"ताई, तुम्ही आज गप्प का?" तिने विचारलं.

ताईला सकाळपासून छातीवर कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखं वाटत होतं. काही न खाता निघाले, पित्त असेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आता जबडाही दुखायला लागला. कपाळावर घाम आला आणि डावा हात मांडीवरून उचलेना.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली. "इंडिकेटर द्या आधी."

शिवणबाईने गाडी फुटपाथला लावली, ताईकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई! रंग बघा काय झालाय तुमचा. रुग्णवाहिका बोलावते."

"हॉस्पिटल याच रस्त्यावर आहे. दोन सिग्नल आणि एक गोल चौक. रुग्णवाहिका तिथूनच निघणार आणि तिथेच परत जाणार. चालवा तुम्ही."

"मी? ताई, मी अजून तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही!"

"तिसरा पुरे आहे. आरसा बघा. क्लच."

नंतर शिवणबाई ही हकीकत सांगायची तेव्हा म्हणायची, की ताई कण्हत होती त्याची भीती नाही वाटली. ताईने डोळे मिटले तेव्हा वाटली. त्या बाईचे डोळे रस्त्यावरून हटलेले तिने कधी पाहिलेच नव्हते. पहिला सिग्नल हिरवा मिळाला. दुसरा लाल होता, तिथे शिवणबाईने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गोल चौकात एका ट्रकवाल्याने तिला काहीबाही ऐकवलं, तिनेही ऐकवलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी आडवी उभी राहिली आणि गचका खाऊन बंद पडली.

"बंद पडली हो!" शिवणबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बंदच करायची होती," ताई पुटपुटली. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी तुंबली होती. तासाभरात ती उघडून आत बारीक जाळी बसवली. चौथ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली, तेव्हा हृदयरोगाची डॉक्टर समजवायला आली. तरुण होती, आखूड केसांची, बोलायला संथ. ताईचा नवरा वही-पेन्सिल घेऊन तयारच होता. तो वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधायचं काम करी. तीस वर्षं कागद, दोरा आणि खळ यांच्या सहवासात राहून त्याचा स्वभावही तसाच झाला होता. आवाज न करता सगळं धरून ठेवायचं.

"हृदयाचा एक तुकडा गेला आहे," डॉक्टर म्हणाली. "तिथे आता व्रण राहील. बाकीचा भाग काम करतोय, पण थोडं कमी. आता मी सांगते ते नीट ऐका, कारण पुढचा धोका हृदयातून कमी आणि मेंदूतून जास्त आहे."

"मेंदूला काय झालं?" नवऱ्याची पेन्सिल थांबली.

"काही नाही झालं. तो त्याचं काम चोख करतोय, तीच पंचाईत आहे. झटका आला तेव्हा त्याला कळलं की रक्त कमी पोचतंय. का कमी पोचतंय ते त्याला समजत नाही. त्याला वाटतं माणूस जखमी झालाय, रक्त वाहून चाललंय. मग तो हुकूम सोडतो. हृदयाला सांगतो, जोरात चाल. रक्तवाहिन्यांना सांगतो, आवळा. मूत्रपिंडांना सांगतो, मीठ आणि पाणी धरून ठेवा. त्या दिवशी या हुकमांमुळेच ताई तगल्या."

"मग चांगलंच की."

"त्या दिवशी चांगलं. पण धोका टळला हे मेंदूला कुणी सांगत नाही. तो आठवडे, महिने हाका मारतच राहतो. जखमी हृदय त्या हाकांपायी धावत राहतं, थकतं, फुगतं, आणि एक दिवस त्याला झेपेनासं होतं. म्हणून या गोळ्या. एक हाकांचा जोर कमी करते, एक आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मला फोन. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही."

नवऱ्याने सगळं लिहून घेतलं, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. ताई मान डोलावत होती, पण तिचं लक्ष अर्ध्यावर होतं. तीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. त्यातला एक अजून गाडी मागे घेताना भलत्याच बाजूला मान वळवत होता.

घरी आल्यावर नवऱ्याने वाचनालयातल्या जाड कागदावर तक्ता आखला. तारीख, वजन, शेरा. तो वजनकाट्याच्या वर भिंतीला चिकटवला. औषधांच्या डबीला त्याने पुठ्ठ्याचे कप्पे केले, कडा कापडाने मढवल्या. "पुस्तकच बांधलंत की हो," ताई म्हणाली. तो लाजून हसला.

पाचव्या आठवड्यात ताई शिकवणीच्या गाडीत जाऊन बसली. डॉक्टरने पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. "रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास, त्यात काय!" असं म्हणून तिने विषय झटकला. पहिल्याच फेरीत एक म्हातारा गृहस्थ फुटपाथवरून अचानक खाली उतरला. शिकणाऱ्या माणसाने स्वतःच ब्रेक मारला. गाडी थांबली, गृहस्थ टोपी सावरत गेला, झालं काहीच नाही. पण ताईने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. तिचा पाय आला नव्हता. म्हणजे आला, पण गाडी थांबल्यावर.

"जमलं की नाही ताई?" शिकणारा खूश होऊन म्हणाला.

"छान," ती म्हणाली.

तिला कारण माहीत होतं. ती सकाळची पांढरी अर्धी गोळी. घेतली की अंग कापसाचं व्हायचं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, कुणी हाक मारली तर ती लांबून आल्यासारखी वाटायची. दुसऱ्या दिवशी तिने डबीतून ती गोळी काढली, हातात धरली आणि परत पाकिटात सारली. तिसऱ्या दिवशीही. मग तिने विचार करणंच सोडलं.

आणि काय सांगावं, पुढचे आठ-दहा दिवस तिला इतकं बरं वाटलं! डोळ्यांवरचा पडदा सरकल्यासारखं झालं. पाय पूर्वीसारखा चालू लागला. छाती धडधडायची, पण ती धडधड तिला जिवंतपणाची वाटली. ती स्वयंपाकघरात गुणगुणू लागली, नवऱ्याची थट्टा करू लागली, शेजारणीला म्हणाली, "डॉक्टर लोक घाबरवतात उगीच. माणसाचं शरीर त्याचं त्यालाच कळतं."

मग वजन वाढलं. आधी किलोभर, मग आणखी. सकाळी काट्यावर उभी राहून ती खाली पाही आणि तक्त्यावर एकाहत्तर लिही. काटा चौऱ्याहत्तर दाखवत असला तरी एकाहत्तर. खोटं लिहिताना तिला स्वतःचंच आश्चर्य वाटे. विद्यार्थ्याने आरशात न बघता 'बघितलं' म्हटलं, तर ती त्याला गाडीतून उतरवायची. पण पुन्हा ती गोळी आणि पुन्हा ते कापसाचं अंग, या विचारानेच तिच्या हातातली पेन्सिल आपोआप एकाहत्तर गिरवी. बूट घट्ट झाले, तिने बंद सैल केले. उताणं झोपलं की धाप लागे, तिने उशाला दुसरी उशी घेतली, मग तिसरी.

"तीन उशा?" नवऱ्याने विचारलं.

"मान अवघडते."

तो पांघरूण सारखं करून निघून गेला.

शिवणबाईने त्या मंगळवारनंतर ताईसाठी एक गडद निळी पँट शिवायची ठरवली होती. गाडीत बसायला सोपी, गुडघ्यात सैल. हॉस्पिटलमधून सुटका झाली त्याच आठवड्यात तिने घरी येऊन मापं घेतली होती. गिऱ्हाइकांची कामं उरकता उरकता ती पँट आता कुठे तयार झाली. ती घालून बघायला ताई तिच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनं, कात्रणांचं पोतं, भिंतीवर खडूने लिहिलेल्या मापांच्या ओळी आणि एक उभा आरसा. चार पायऱ्या चढून आत येईस्तोवर ताईला दम लागला. ती आरशाला हात टेकून उभी राहिली.

पँट कमरेला लागेना. शिवणबाईने तोंडातल्या टाचण्या काढून भिंतीवरची मापं पाहिली, मग फीत लावली. दीड इंच जास्त. खाली बसून पायाची मोहरी पाहिली, तर तीही घोट्यावर चापून बसलेली.

"माझं माप चुकत नाही," ती म्हणाली.

"घरी बसून जाड झाले, दुसरं काय."

"जाड माणूस घोट्यात जाड होत नाही, ताई. तीस वर्षं लोकांना मोजतेय मी." तिने मोजा खाली सारला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथे खळगा तसाच राहिला. दोघी त्या खळग्याकडे बघत राहिल्या. तो भरून यायला बराच वेळ लागला.

"माझ्या सासूबाईंच्या पायाला असाच पडायचा," शिवणबाई हळूच म्हणाली.

"मग? काय झालं त्यांचं?"

शिवणबाईने तिचा मोजा वर ओढला. "गोळ्या घेताय ना सगळ्या?" तिने विचारलं.

ताई आरशाकडे वळली.

"ताई, मी तुम्हाला विचारतेय."

"एक सोडून सगळ्या. त्या एका गोळीने मी मेल्यासारखी होते. पाय उचलत नाही माझा. उद्या गाडीखाली कुणी आलं तर जबाबदारी कुणाची, तुमची?"

"घरी मी सांगू की तुम्ही सांगता?"

"कुणीही सांगायचं नाही. आणि माझ्या घरात नाक खुपसायचं तुम्हाला काही कारण नाही. उद्यापासून शिकवणीलाही दुसरं कुणी बघा." एवढं बोलेपर्यंत तिला तीनदा श्वास घ्यावा लागला.

शिवणबाईने निमूटपणे पँटची घडी केली. ताई पायऱ्यांचा कठडा धरत उतरली आणि दिसेनाशी झाली. तशी शिवणबाईने दुकानाला कुलूप घातलं आणि ती सरळ वाचनालयाची वाट चालू लागली. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे अजून नव्हता, म्हणून चालत.

नवरा भर दुपारी घरी आला. तीस वर्षांत तो असा कधी आला नव्हता. बोटांना खळ तशीच होती. ताई खुर्चीत बसली होती, कारण आडवं होता येत नव्हतं.

"ऊठ. हॉस्पिटलात जायचंय."

"त्या बयेने सांगितलं ना?"

"तिने आज सांगितलं," तो म्हणाला. "मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे."

ताई खुर्चीत सरळ झाली.

"दर रविवारी डबी मी भरतो. पाकिटातल्या गोळ्या कमी व्हायला हव्यात, त्या होईनात. तक्त्यावर रोज एकाहत्तर. माणसाचं वजन इतकं शहाण्यासारखं कधी वागतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

तो बोटांवरची सुकलेली खळ सोलत राहिला. "तू हसायला लागली होतीस. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. गुणगुणत होतीस. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. मग आणखी दोन दिवस. मी भित्रा आहे गं. मला वाटलं, बोललो तर तू परत त्या खुर्चीत गप्प बसून राहशील." त्याने बाहीने डोळे पुसले. "आणि आता बघ, बसलीच आहेस."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण तेवढा श्वास नव्हता. आणि त्याला रडताना तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, लेकीच्या पाठवणीला. तिने हात पुढे केला. "धरा," ती म्हणाली. "जिना उतरायला लागेल."

हॉस्पिटलात तिला इंजेक्शनांवर ठेवलं. धरून ठेवलेलं पाणी निघू लागलं आणि तीन दिवसांत चार किलो वजन उतरलं. "इतक्या झटपट मी आयुष्यात बारीक झाले नव्हते," ती नर्सला म्हणाली. पण हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा थट्टा मावळली. पहिल्या वेळी तिचं हृदय दर ठोक्याला आपल्यातलं शंभरातले चव्वेचाळीस भाग रक्त पुढे ढकलत होतं. आता एकतीस.

डॉक्टर आली. ताईने ओरडा खायची तयारी ठेवली होती. डॉक्टरने स्टूल ओढलं आणि ती बसली. "का बंद केलीत?" तिने विचारलं.

हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी 'कशी बंद केलीत' असंच विचारलं होतं. ताईने त्या म्हाताऱ्या गृहस्थाची गोष्ट सांगितली. पाय कसा उशिरा आला, हाका कशा लांबून येत, आणि गोळी सोडल्यावर कसं लख्ख वाटलं.

डॉक्टरने पूर्ण ऐकून घेतलं. "तुमचं काम काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. निदान या गोळीने सुरुवातीला सुस्ती येते, आणि ती हळूहळू कमी होते, एवढं तरी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं." मग ती म्हणाली, "तुम्हाला जी तरतरी वाटली ना, ती बरं होण्याची नव्हती. मेंदूच्या हाका अडवणारं कुणी उरलं नव्हतं, त्याची होती. मेंदू पुन्हा पूर्ण जोराने ओरडत होता आणि हृदय पळत होतं."

"म्हणजे माझंच डोकं माझ्या जिवावर उठलंय."

"नाही, तसं नका म्हणू. तो तुम्हाला वाचवायलाच धडपडतोय. घाबरलाय फक्त."

ताईने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, "माझ्याकडे एक जण शिकायला होता. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. दुसऱ्याच आठवड्यात त्याने स्वतःची गाडी एकट्याने बाहेर काढली आणि भिंतीला घासली. इजा कुणाला नाही. पण पुढे तीन महिने तो रिकाम्या मैदानातसुद्धा स्टिअरिंग असं धरायचा की बोटं पांढरी पडायची. मी आधी ओरडून पाहिलं. काय होणार ओरडून! त्याला कळत होतं हो सगळं. त्याच्या हातांना कळत नव्हतं."

"मग काय केलंत?"

"रोज तोच रस्ता. हळू. काही होत नाही, काही होत नाही, हे हातांना पटेपर्यंत."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "मी गोळ्यांनी तेच करते. मेंदूच्या त्या भागाला शब्द कळत नाहीत. त्याला निरोप पोचवायचा तो रोजच्या गोळीने, कमी मिठाने, झोपेने, हळू चालण्याने. महिनोनमहिने. अगदी थोडीशी गोळी देऊन सुरू करू, तुम्हाला सोसेल तशी वाढवू. पण सगळं पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही."

"आणि गाडी?"

"स्वतः चालवण्याचं पुढे बघू. पण दुसऱ्याच्या चुकीवर पाय रोखून दिवसभर बसणं..." डॉक्टरने मान हलवली. "ते आता नको, ताई."

ताईने भिंतीकडे तोंड वळवलं. डॉक्टर गेली. नवरा उशाशी बसून राहिला. तो काही बोलला नाही हे त्या दिवशी तिला बरं वाटलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. शिकवणीची गाडी दुसऱ्या एका प्रशिक्षकाकडे गेली. ती दारातून वळून गेली त्या सकाळी ताई न्हाणीघरात नळ सोडून रडली. नवरा बाहेर उभा राहून विचारत राहिला, "पाणी गरम आहे ना?" गोळी परत सुरू झाली तशी सुस्तीही आली. तीन आठवडे ती दुपारची बसल्या जागी डुलक्या घेई. चालायला सुरुवात केली ती टपालपेटीपर्यंत, मग औषधांच्या दुकानापर्यंत, मग शाळेच्या कुंपणाला वळसा. मिठावरून तर रोजच खडाजंगी.

"ही आमटी आहे? तुमच्या खळीसारखी लागते."

"तू खळ कधी खाल्लीस?"

"रोजच खातेय की महिनाभर!"

पण तक्त्यावर आता काट्यावरचाच आकडा उतरत होता. तो नकोसा वाटला तरी तोच. आणि नवऱ्यानेही एक सवय लावून घेतली होती. काही खटकलं की तो त्याच दिवशी, त्याच वेळी बोलून टाकी, मग बोलताना कान लाल झाले तरी हरकत नाही. तीस वर्षं मुखदुर्बळ राहिलेला माणूस एकदम तोंड उघडतो, तेव्हा घरात थोडी भांडणं वाढतात. ती वाढली. ताईला ती चालली.

शिवणबाईकडे जायचं मात्र तिला धैर्य होईना. रोज ठरवी आणि रोज रस्ता बदली. शेवटी शिवणबाईच आली, हातात कागदात गुंडाळलेली पँट.

"घालून बघा," ती म्हणाली. "आत शिलाईला भरपूर कापड ठेवलंय. कमी-जास्त झालं तरी सोडता येईल, धरता येईल."

ताईला म्हणायचं होतं की माझं चुकलं, त्या दिवशी तुम्ही नसता तर. दोन्ही दिवशी तुम्ही नसता तर. पण असं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या तोंडून भलतंच निघालं. "परीक्षेचं काय झालं?"

"पहिल्यांदा नापास. गाडी मागे घेताना खांबाला शेपूट लागलं. दुसऱ्यांदा पास."

"कुणी शिकवलं मागे घ्यायला?"

"त्या नव्या प्रशिक्षकाने. पण तो फार गोड बोलतो हो. ओरडत नाही, लक्षात राहत नाही."

ताई हसली, आणि हसता हसता तिने शिवणबाईचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. आत नवऱ्याने चहा टाकल्याचा आवाज आला.

आठ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. अडतीस. चव्वेचाळीस नाही, पण एकतीसही नाही. डॉक्टरने कागद दोनदा पाहिला आणि ती मनापासून खूश झाली. ताई आता आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षण शाळेच्या वर्गात खुर्चीवर बसून वाहतुकीचे नियम शिकवत होती. फळ्यावरच्या गाड्या कुणाला धडकत नाहीत, त्यामुळे काम कंटाळवाणं आहे, असं ती म्हणे. तरी जाई.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाली. "आत वॉर्डात एक रंगारी आहेत. इमारतींना बाहेरून रंग देतात. झटक्यानंतर गोळी बंद केली आणि पाय सुजवून परत आले. माझं ऐकून घेतात, पण पटलेलं दिसत नाही. तुम्ही बोलाल?"

रंगारी पन्नाशीचा होता, दणकट बांध्याचा. नखांच्या कडांना अजून पांढरा रंग होता. ताई कोण, कशाला आली, हे डॉक्टरने सांगितलं आणि ती निघून गेली. रंगारी खिडकीबाहेर बघत राहिला.

"किती उंच चढता?" ताईने विचारलं.

तो वळला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "चार मजले. कधी सहा."

"आणि गोळी घेतली की गरगरतं."

"गरगरतं म्हणजे? एकदा पाय शिडीवर होता आणि डोकं खाली आल्यासारखं झालं. मग काय, सोडली. पडून मरण्यापेक्षा..." तो थांबला. "तुम्हीही सोडली होती?"

"हो. आणि नंतर आठ-दहा दिवस असं वाटलं की विशीतली झालेय."

"अगदी तसंच," तो म्हणाला आणि उठून बसला. "अगदी तसंच हो! मी तर दोन दिवसांत अख्खी भिंत उरकली."

मग ताईने त्याला सगळं सांगितलं. घाबरलेल्या मेंदूचं, त्याच्या हाकांचं, तक्त्यावरच्या खोट्या एकाहत्तरचं. डॉक्टरचे शब्द तिला आठवत नव्हते, तिने आपलेच वापरले. तो मधूनमधून "हं" म्हणत होता. शेवटी त्याने विचारलं, "ते गरगरणं जातं?"

"कमी होतं. माझं तीन आठवड्यांत बरंच कमी झालं. अजूनही एकदम उठले तर भिंत धरावी लागते."

"आणि काम?"

गोड बोलून वेळ मारून नेणं तिला कधी जमलं नव्हतं. "माझं सुटलं," ती म्हणाली. "तुमचं काय होईल मला माहीत नाही. शिडी सुटेल कदाचित. विचारा डॉक्टरांना, त्या खरं सांगतात."

रंगारी आपल्या नखांकडे बघत बसला. बाहेर बाकावर नवरा घड्याळ बघत असणार, दुपारच्या गोळीची वेळ झाली होती.

"मग दिवसभर करता तरी काय?" रंगाऱ्याने विचारलं. आवाजात थोडी भीती होती.

"खूप रडले पहिले दोन महिने," ताई म्हणाली. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मग एक दिवस टपालपेटीपर्यंत गेले..."